भरलेली बंदूक, रिकामी बंदूक

[कृष्णधवल चित्रफीत : विधानभवनाच्या पायऱ्या]

२ मे १९६७. सॅक्रामेंटो, कॅलिफोर्नियाची राजधानी. चोवीस पुरुष, सहा बायका. काळी जाकिटं, काळ्या बेरे टोप्या. बंदुकांच्या नळ्यांकडे लक्ष द्या. आभाळाकडे, नाहीतर जमिनीकडे. नळी कुणाच्या रोखानं वळली, की धाक दाखवल्याचा गुन्हा लागतो. वर किंवा खाली धरली, तर त्या दिवशीच्या कायद्यात गुन्हा नाही.

हा कायदा त्यांनी घोटून पाठ केला होता. ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ऑक्टोबर १९६६ मध्ये ऑकलंडला ब्लॅक पँथर पक्ष काढला. (मुंबईत १९७२ साली दलित पँथर उभी राहिली, ती यांच्याच नावावरून.) पोलिसांवर नजर ठेवायला हे बंदुका घेऊन गस्त घालत : पोलिसांच्या गाडीमागे यांची गाडी असायची. पोलिसांनी कुणा काळ्या माणसाला अडवलं, की हेही उतरत, अंतर राखून उभे राहत आणि त्या माणसाला त्याचे हक्क मोठ्यानं ऐकवत.

लपवून पिस्तूल बाळगायला परवाना लागे, उघड बाळगायला लागत नसे. गाडीत मात्र रायफल किंवा शॉटगनच्या चेंबरमध्ये, म्हणजे जिथून गोळी झाडली जाते त्या खोबणीत, काडतूस चालत नसे. म्हणून काडतुसं मॅगझिनमध्ये, म्हणजे बंदुकीच्या साठ्यात, चेंबर रिकामं. गाडीतून खाली उतरल्यावरच काडतूस चेंबरमध्ये घ्यायचं. गस्तीची पद्धतच अशी कायद्यात बसवलेली. ती थांबवायची, तर कायदा बदलणं भाग होतं.

तसं विधेयक ऑकलंड परिसराचे आमदार डॉन मलफर्ड यांनी एप्रिलमध्ये मांडलं : असेंब्ली विधेयक १५९१. त्याला विरोध करायला ही माणसं आली आहेत.

[विधानभवनाच्या आत]

त्यांना प्रेक्षकांची गॅलरी हवी होती. कॅमेरेवाले त्यांच्यापुढे उलट पावलांनी चालतायत. त्या लोंढ्यात काही जण थेट सभागृहात शिरले. पोलिसांनी काही बंदुका काढून घेतल्या आणि परत दिल्या, कारण विधानभवनात बंदूक आणू नये असं कलमच नव्हतं. पुढे अटक झाली ती कामकाजात अडथळा आणल्याबद्दल.

मग विधेयकात भर पडली. विधानभवनात भरलेल्या बंदुकीला मनाई, आणि सही होताच अंमल. २८ जुलैला गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी सही केली.

[कायद्याचं पान, जवळून]

कलम १२०३१. शहराच्या हद्दीत, सार्वजनिक जागी, अंगावर किंवा गाडीत भरलेली बंदूक बाळगायची नाही. हद्दीबाहेर जिथे गोळी झाडायला मनाई, तिथेही नाही. पोलीस, सैनिक, शिकारीवर असलेले परवानाधारक आणि स्वतःचं घर-दुकान यांना सूट.

‘भरलेली’ कशाला म्हणायचं? काडतूस चेंबरमध्ये असेल, लावलेल्या मॅगझिनमध्ये असेल, किंवा बंदुकीला ‘कोणत्याही प्रकारे जोडलेलं’ असेल. घोळ झाला तो याच शब्दांचा. दस्त्यात ठेवलेली काडतुसं धरायची का? तब्बल एकोणतीस वर्षांनी, १९९६ मध्ये, अपील न्यायालयानं सांगितलं : नाही; बार उडू शकेल अशा जागी काडतूस हवं.

आता तपासणीचं पोटकलम. बंदूक भरलेली आहे का, हे पोलीस तपासू शकतो. नकार दिला, तर तेवढंच अटकेला पुरेसं कारण. सगळी चर्चा बंदीची होते, आणि गस्तीचं कंबरडं मोडणारी ही ओळ वाचायची राहून जाते. पोलिसांवर नजर ठेवणाऱ्याला थांबवायला आता त्याच्या हातातली बंदूक दिसणंच पुरेसं होतं. काळा, गोरा हे शब्द कलमात कुठेही नाहीत.

सशस्त्र गस्त संपली. रिकामी बंदूक उघड बाळगणं चालू राहिलं : कमरेला रिकामं पिस्तूल, शेजारी भरलेलं मॅगझिन. २०१२ पासून तेही बंद, २०१३ पासून शहरांत रिकामी रायफल आणि शॉटगनही. कलमाचा क्रमांक आता २५८५०.

[स्थिर छायाचित्र]

२ मेचंच हे छायाचित्र. पोलीस लेफ्टनंट पँथरना सांगतायत : गोंधळ घातला नाहीत, तर शस्त्रं तुमच्याजवळच राहतील. यानंतर ८७ दिवसांनी पोलिसांना यातली प्रत्येक बंदूक हातात घेऊन, उघडून बघण्याचा अधिकार मिळाला.