कानांनी पाहायचा गुन्हेपट

नमस्कार श्रोतेहो. ग्वाल्हेरकरांना उकाडा काय तो सांगायला नको. पण लश्कर-मुरारचा मे महिना कोरडा. लू झोंबते, घाम मात्र लगेच वाळतो. टोकियोचा उन्हाळा दमट. जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावाच्या १९४९ सालच्या ‘स्ट्रे डॉग’ या चित्रपटात ही चिकचिक श्रेयनामावलीपासूनच आहे. धापा टाकणारं कुत्र्याचं तोंड, आणि त्यावर नावं.

गोष्ट साधी. नवशिक्या पोलीस मुराकामीचं कोल्ट पिस्तूल गर्दीच्या बसमध्ये चोरीला जातं. आत सात गोळ्या. मग त्याच पिस्तुलानं गुन्हे होऊ लागतात. हे सिद्ध कसं करायचं? मुराकामी सरावाच्या मैदानावर जातो, आपण झाडलेली गोळी लाकडातून उकरून काढतो आणि तपासणीला देतो. ती आणि गुन्ह्यातली गोळी जुळतात. तिथून पुढे आपणही नकळत उरलेल्या गोळ्या मोजू लागतो.

चोरबाजारातली भटकंती पाहताना बरेच जण कंटाळतात. मुराकामी जुना लष्करी पोशाख घालून मिनिटामागून मिनिटं नुसता फिरतो. संवाद जवळजवळ नाहीतच. पण तो भाग पुढे ढकलू नका. युद्धानंतरचं खरं टोकियो तिथे आहे. सहायक दिग्दर्शक इशिरो होंडा यांनी खऱ्या बाजारात लपवलेल्या कॅमेऱ्यानं ते चित्रण केलं. चालणारे पाय पुष्कळदा मुराकामी साकारणाऱ्या तोशिरो मिफुनेचे नाहीत, होंडांचेच आहेत! (पुढे ‘गॉडझिला’ केला तेच हे.) तिथे आवाजाकडे लक्ष द्या. एका दुकानातलं गाणं विरतं तोवर दुसरं सुरू होतं, आणि माणूस किती वेळ चालतोय ते पावलांपेक्षा या गाण्यांवरून कळतं.

बेसबॉलच्या मैदानावर पिस्तुलांचा दलाल हेरला जातो. पण खचाखच गर्दीत सशस्त्र माणसाला पकडायचं, तर गोळीबाराची भीती. म्हणून ध्वनिक्षेपकावरून त्याचंच नाव पुकारून त्याला बाहेर काढतात. ताकाशी शिमुरानं साकारलेला अनुभवी पोलीस सातो असा डोक्यानं काम करतो. पुढे त्याच्यावर गोळ्या झाडल्या जातात, तेव्हा मुराकामी फोनवर आहे आणि रिसीव्हरमधून ते ऐकतो. तेवढ्यात पाऊस कोसळतो.

सर्वांत धीट प्रयोग मुराकामी आणि ते पिस्तूल वापरणारा गुन्हेगार यांच्या अखेरच्या झटापटीत. मुराकामीच्या दंडात गोळी शिरते. जवळच्या घरात एक बाई पियानोचा सराव करते आहे. आवाज ऐकून ती थांबते, खिडकीतून डोकावते आणि पुन्हा वाजवू लागते. नंतर चिखलानं माखलेले दोघे शेजारी शेजारी पडलेले असतात, त्यात पोलीस कुठला आणि चोर कुठला हे पटकन ओळखू येत नाही. दोघंही युद्धावरून परतलेले, दोघांच्याही पिशव्या वाटेत चोरीला गेलेल्या. बाजूनं मुलं गात जातात, आणि गुन्हेगार ओरडून रडतो.

यानंतर इस्पितळात सातो मुराकामीला समजावतो. तो प्रसंग गाळला असता तरी चाललं असतं. चिखलानं सगळं सांगून टाकलेलं आहे.