परसातल्या 18 भाज्या

मंडळी, मला विषय दिलाय मनिलातल्या एका आधुनिक फिलिपिनो हॉटेलचा. पण सुरुवात मी जहाजाच्या गॅलीतून, म्हणजे स्वयंपाकघरातून करणार आहे, कारण ती गॅली पाहिली नसती तर त्या हॉटेलातल्या ताटाचं मोल मला कळलंच नसतं.

मी मरीन इंजिनिअर. 26 वर्षं समुद्रावर काढली. ज्यांच्या घरातलं कोणी जहाजावर आहे त्यांना माहीत असेल, भारतीय आणि फिलिपिनो माणसं तिथे हमखास एकत्र येतात. आमचा चीफ कुक फिलिपिन्समधल्या इलोइलोचा होता. वयानं मोठा, म्हणून सगळे त्याला 'कुया' म्हणायचो, म्हणजे दादा. ऑफिसर्स मेसमध्ये तो सूप, स्टेक, रोस्ट चिकन पाठवायचा. स्वतः मात्र रात्री गॅलीत, उभ्याउभ्या, हातानं जेवायचा. आठ-बाराची वॉच, म्हणजे माझी पाळी, संपली की मीही तिथेच जायला लागलो. दोघंही हातानं भात कालवत असू, त्यामुळे ओळख लवकर झाली.

एका रात्री त्याच्या पातेल्यात डोकावलो तर आत तुरीचे दाणे, कच्च्या फणसाचे तुकडे आणि डुकराचं मांस. इलोइलोकडे या पदार्थाला वेगळं नावच नाही, जे घालतात तेच नाव: कादियोस, बाबोय, लांगका. तूर, डुक्कर, फणस. आंबटपणासाठी त्यात बातुआन नावाचं फळ लागतं, आणि ते नेमकं संपलं होतं. माझ्या केबिनमध्ये आईनं बांधून दिलेली आमसुलं होती. मी मूठभर आणून दिली. कुयानं आधी एक चोखून पाहिलं, डोळे मिटून घेतले, मग उरलेली सगळी पातेल्यात टाकली. रस्सा हळूहळू लालसर होत गेला. "तुमच्याकडे पण हे झाड आहे?" त्यानं विचारलं. पुढे कधीतरी मला कळलं की बातुआन आणि कोकम ही गार्सिनिया या एकाच वंशातली झाडं आहेत. त्याच्या जिभेनं ते त्या रात्रीच ओळखलं होतं.

मी म्हटलं, हे मेसमध्ये का करत नाहीस? तो म्हणाला, "हे घरचं. हे कोणी पैसे देऊन खात नाही."

अगदी हेच वाक्य मी माझ्या आईकडून कुळथाच्या पिठीबद्दल ऐकलं होतं. म्हणून ते मनात रुतून बसलं.

ही लाज येते कुठून? फिलिपिन्सवर 1565 पासून स्पेनचा अंमल बसत गेला, 1898 ला अमेरिका आली, ती 1946 पर्यंत राहिली. मेजवानीचं म्हणून जे काही होतं, त्याला राज्यकर्त्यांच्या भाषेतली नावं मिळत गेली. आदोबोचंच घ्या. मांस व्हिनेगरमध्ये शिजवून टिकवायची रीत तिथल्या लोकांची स्वतःची, पण 1613 मध्ये छापलेल्या तागालोग या तिथल्या भाषेच्या एका शब्दकोशात स्पॅनिश पाद्र्यानं त्याची नोंद 'इथल्या लोकांचं आदोबो' अशी केली. नाव चिकटलं ते चिकटलंच. चव मात्र व्हिनेगरच्या हातात राहिली. ऊस, नारळ, निपा नावाचा खाजणातला ताड, जिथे जे मिळतं त्याचं व्हिनेगर. गोव्यातल्या स्वयंपाकात माडाचं व्हिनेगर असतं, त्याच जातीची ही गोष्ट. आदोबोच्या बाबतीत कुयाचा एकच कडक नियम होता: व्हिनेगर ओतल्यावर उकळी येईपर्यंत डाव घालायचा नाही. घातला तर कच्चा आंबटपणा शेवटपर्यंत जात नाही. मी एकदा घातला होता. त्यानं माझ्या हातातून डाव काढून घेतला आणि पातेल्यासमोर उभा राहिला, उकळी फुटेपर्यंत.

अमेरिकेत फिलिपिनो वंशाची 40 लाखांहून जास्त माणसं आहेत. तरीही तिथे कित्येक दशकं त्यांची हॉटेलं थोडी आणि बहुतेक आपल्याच लोकांपुरती. याचं एक कारण मला पटतं. अमेरिकेच्या 1965 च्या स्थलांतर कायद्यानंतर जे गेले त्यांत नर्सेस आणि शिकलेल्या नोकरदार माणसांचा भरणा मोठा होता. त्यांना पोटासाठी हॉटेल टाकावं लागलं नाही. जेवण घरी शिजलं, वाढदिवसाला शिजलं, चर्चच्या कार्यक्रमाला शिजलं. बाहेर होती ती 'तुरो-तुरो' दुकानं. काचेमागे पातेली मांडलेली, बोटानं दाखवायचं आणि वाढून घ्यायचं.

हे बदलायला 2015 च्या सुमाराला जोर आला. वॉशिंग्टनमध्ये बॅड सेंट नावाचं 24 खुर्च्यांचं हॉटेल निघालं. आधी जागा धरायची सोय नव्हती, त्यामुळे लोक दाराबाहेर तासन्‌तास रांगेत असायचे. 2022 मध्ये ते बंद झालं. 2022 मध्येच शिकागोच्या कसामा या हॉटेलला मिशलिनचा, म्हणजे हॉटेलांना दर्जा देणाऱ्या नामांकित गाइडचा, तारा मिळाला, जगातल्या कुठल्याही फिलिपिनो हॉटेलला मिळालेला पहिला. मनिलासाठी तेव्हा मिशलिनचं गाइडच नव्हतं, ते आलं 2025 मध्ये. म्हणजे या जेवणाला पहिली दाद परमुलखात मिळाली, मग घरी. मला याचं थोडं वाईट वाटतं, पण झालं ते असं झालं.

आता मनिलातलं ते हॉटेल. मकाती भागातल्या चिनो रोसेस अव्हेन्यूवरचं टोयो ईटरी. जॉर्डी नवारा या शेफनं पत्नी मे हिच्यासोबत 2016 मध्ये सुरू केलं. नवारा त्याआधी इंग्लंडमधल्या फॅट डक आणि हाँगकाँगच्या बो इनोव्हेशन या नामांकित हॉटेलांत काम करून आलेला. इतकं मोठं शिक्षण घेऊन आलेल्या माणसानं हॉटेलला नाव काय द्यावं? टोयो म्हणजे सोया सॉस. चिनी व्यापाऱ्यांबरोबर आलेला, आज प्रत्येक फिलिपिनो घरात चुलीशेजारी असलेला. आपल्याकडे कोणी उंची हॉटेलला 'मीठ-मसाला' नाव द्यावं, तसं. साध्या वस्तू, मीठ, पाणी आणि भरपूर वेळ, यातून चव तयार होते, हा त्यातला भाव.

त्यांच्या गाजलेल्या ताटाचं नाव आहे 'बाहाय कुबो'. हे फिलिपिन्समधल्या प्रत्येक मुलाला पाठ असलेलं लोकगीत. बांबू आणि निपाच्या पानांची एक लहानशी झोपडी, पण परसात काय काय पिकतं, त्याची यादी म्हणजे हे गाणं. यादीत 18 भाज्या. नवारानं त्या सगळ्या 18 एका ताटात आणल्या. प्रत्येकीवर वेगळा संस्कार केलेला, आणि खाली मातीसारखा दिसणारा भुगा.

मी ते ताट समोर घेऊन बसलो आणि मोजायला लागलो. वांगं, शेंगदाणे, दुधी, कोहळा, लाल भोपळा, मुळा, मोहरी, कांदा, टोमॅटो, लसूण, आलं, तीळ. पाटोला म्हणजे आपलं घोसाळं. सिताव म्हणजे चवळीच्या लांब शेंगा. बाताव म्हणजे वालाची जात. पातानी म्हणजे डबल बी. सिगारिल्यास म्हणजे चौधारी शेंग, कोकण-गोव्यात अजून काही परसांत दिसते. राहिला सिंकामास, तो पांढरा, पाणीदार, गोडसर कंद. तेवढा एकच माझ्या आईच्या परसात नव्हता. मंडळी, चार हजारांहून जास्त किलोमीटरवरच्या देशातलं बडबडगीत, आणि 18 पैकी 17 भाज्या मी लहानपणी हातानं तोडलेल्या नाहीतर बाजारातून आणलेल्या. मला बराच वेळ खाताच आलं नाही.

ते ताट मला मोठं वाटतं ते यासाठी, की त्यात लाज कुठेच नाही. परदेशी पाहुण्याला झेपावं म्हणून काही सौम्य केलेलं नाही, की त्याच्या ओळखीचं महागडं काही वर ठेवलेलं नाही. सगळी कारागिरी घोसाळ्यावर आणि मुळ्यावर खर्च केलेली. आणि त्या कारागिरीची पूर्ण किंमत बिलात लावलेली. 2025 मध्ये मनिलाचं पहिलं मिशलिन गाइड आलं तेव्हा टोयोला एक तारा मिळाला.

एक तक्रार मात्र आहे, आणि ती टोयोची नाही, अशा सगळ्याच उंची जेवणाची आहे. फिलिपिनो जेवणात 'सावसावान' असतं. व्हिनेगर, माशाचं खारं पातिस, मिरची, कालामान्सी नावाचं बारकं लिंबू. ज्यानं त्यानं आपल्या वाटीत आपल्याला हवं तसं कालवायचं. पदार्थ खाणाऱ्याच्या हातात पूर्ण होतो. आपल्या ताटाची डावी बाजू आठवा: मीठ, लिंबू, चटणी, लोणचं. तिथे यजमानानं जेवणाराला दिलेलं एक स्वातंत्र्य असतं. शेफनं ठरवलेल्या क्रमानं, पुरी झालेली चव एकामागून एक समोर येते, तेव्हा ती डावी बाजू पुसली जाते. माझा हात दोनदा लिंबू शोधायला गेला. आधुनिक स्वयंपाकानं यावर काहीतरी शोधून काढावं असं मला मनापासून वाटतं, फिलिपिनोंनीही आणि आपणही.

कुया आता निवृत्त होऊन इलोइलोला असतो. त्या ताटाचा फोटो मी त्याला पाठवला. त्यानं फोन केला. आधी भाज्या मोजून घेतल्या, सिगारिल्यास त्याला सापडेना, मी कोपरा सांगितला. मग त्यानं किंमत विचारली. मी सांगितली. पलीकडे बराच वेळ शांतता.

"आणि लोक देतात?"

"देतात, कुया."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोटो आला. बांबूचं कुंपण, त्यावर चढलेला वेल, आणि चार कंगोऱ्यांच्या हिरव्या शेंगा लटकलेल्या. खाली त्यानं विचारलं होतं, बी पाठवू का.