मागून येणाऱ्यांसाठी पेरलेलं रान

नमस्कार मंडळी,

24 जुलैला सॉल्ट लेक सिटीत मोठी मिरवणूक निघते. 1847 साली याच दिवशी मॉर्मन या धर्मपंथाचे पुढारी ब्रिगॅम यंग या खोऱ्यात पोचले, म्हणून ही सुट्टी. पण त्या दिवसाबद्दल मी आज फार बोलणार नाही. मला सांगायचंय ते त्याच्या आदल्या वर्षाबद्दल, आयोवातल्या दोन शेतवस्त्यांबद्दल.

27 जून 1844 ला कार्थेजच्या तुरुंगात जमावानं मॉर्मन पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ आणि त्यांच्या भावाला गोळ्या घातल्या. इलिनॉयमध्ये मिसिसिपीच्या काठी नॉवू नावाचं भरभराटीचं गाव मॉर्मन लोकांनी वसवलं होतं. तिथं राहणं पुढच्या दीड वर्षात अशक्य झालं. फेब्रुवारी 1846 मध्ये, भर थंडीत, पहिल्या गाड्या नदीपलीकडे गेल्या. मग पाऊस लागला. चाकं आसापर्यंत चिखलात रुतायची. आयोवाचे जेमतेम 300 मैल ओलांडायला पहिल्या तांड्याला जूनचा मध्य उजाडला.

अशा हालात ती माणसं वाटेत थांबली. गार्डन ग्रोव्ह आणि माउंट पिस्गा या दोन ठिकाणी त्यांनी झाडं तोडली, कुंपणं घातली, खोपटी उभारली, जमीन नांगरून पेरणी केली आणि बरेच जण पुढे निघून गेले. पीक निघणार होतं ते मागून येणाऱ्यांसाठी. स्वतःच्या पोटात पुरेसं नसताना दुसऱ्याच्या वाटणीचं बी जमिनीत टाकायचं, याला मोठं मन लागतं. या साऱ्या इतिहासात मला सर्वांत थोर वाटते ती ही पेरणी.

तीच वृत्ती पुढे दिसत राहते. 1847 च्या आघाडीच्या तुकडीत 143 पुरुष, 3 बायका आणि 2 मुलं होती. त्यांच्यातल्या विल्यम क्लेटननं गाडीच्या चाकाला लाल फडकं बांधलं आणि दिवसभर फेरे मोजले. 360 फेऱ्यांचा एक मैल. पुढे वाटेतच लाकडी दाते जोडून अंतर मोजणारं यंत्र बनवलं गेलं. पाणी कुठे, गवत कुठे, चढ कुठे, हे सारं क्लेटननं टिपलं आणि 1848 मध्ये छापलं. खोऱ्यात पोचलेल्यांनी कोरड्या, टणक जमिनीवर ओढ्याचं पाणी वळवलं, ती भिजवून नांगर धरले आणि बटाटे लावले. यंग तेव्हा आजारी होते, एक दिवस मागे होते.

1849 मध्ये प्रवासासाठी कायमचा निधी उभा राहिला. त्यातून कर्ज घेऊन यायचं, कामाला लागून फेडायचं, म्हणजे त्याच पैशात पुढचा माणूस येईल. इंग्लंड, वेल्स, डेन्मार्कमधली गरीब कुटुंबं अशीच आली. त्या काळात मॉर्मन प्रचारक किती लांब फिरत होते पाहा, ह्यू फिंडले हे मुंबईत आणि तिथून पुण्यातही येऊन गेले.

पण निधी पुरेना. 1855 ला टोळांनी आणि दुष्काळानं पिकं गेली. खर्च वाचवायला हातगाड्यांचा मार्ग निघाला. बैल नाहीत, माणसांनीच गाडी ओढायची, माणशी 17 पौंड सामान. 1856 मध्ये विली आणि मार्टिन यांचे तांडे फार उशिरा निघाले. ओल्या लाकडाच्या गाड्या वाटेत मोडत होत्या. लिव्हाय सॅव्हेज या अनुभवी माणसानं ऑगस्टमध्येच सांगितलं, आता निघू नका. त्याचं कुणी ऐकलं नाही, तेव्हा तो त्यांच्याबरोबरच निघाला. ऑक्टोबरमध्ये वायोमिंगात बर्फानं गाठलं आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. श्रद्धेच्या परीक्षेची कथा म्हणून हे सांगितलं जातं. मला मात्र पुढाऱ्यांचा तो निर्णय चुकलेला वाटतो आणि तसं म्हणायला हवं.

त्याच वेळी खोऱ्यातल्या लोकांनी काय केलं तेही म्हणायला हवं. तांडे अजून वाटेत आहेत ही बातमी 4 ऑक्टोबरला कळली. दुसऱ्या दिवशी यंग यांनी सभेत खेचरं, पीठ आणि गाडीवान मागितले. 7 तारखेला पहिल्या गाड्या निघाल्या. त्या गेल्या नसत्या तर फारच थोडे वाचले असते.

आता जे मिरवणुकीत कमी दिसतं ते. आघाडीच्या तुकडीत तीन काळे गुलामही होते, त्यांतला एक ग्रीन फ्लेक. आणि हे खोरं मोकळं नव्हतं. यूट, शोशोनी, गोशूट या मूळ रहिवासी जमाती इथं पिढ्यान्‌पिढ्या राहत होत्या. वस्त्या वाढल्या तसं त्यांचं गवत, पाणी, शिकार गेली. ज्यांनी अनोळखी माणसासाठी बी पेरलं, त्यांच्याच पेऱ्याखाली दुसऱ्यांचं रान आलं. 29 जानेवारी 1863 ला बेअर नदीकाठी अमेरिकी सैन्यानं शेकडो शोशोनी मारले, बायकामुलांसकट. 2018 मध्ये शोशोनींनी तिथली जमीन विकत घेतली आणि आता ते तिची पुन्हा जोपासना करताहेत.

ती जागा आयडाहोत, प्रेस्टन गावाजवळ आहे, इथून गाडीनं दोनेक तासांवर. मंडळाची पुढची सहल तिकडे न्यावी, मुलांना घेऊन, असा माझा प्रस्ताव आहे. ज्यांना यायचंय त्यांनी कार्यकारिणीकडे नावं द्यावीत.