कर्बल स्पेस प्रोग्राम: पंख जोडून करावा, अखंड घ्यावा की कोनात बसवावा?

नमस्कार. कर्बल स्पेस प्रोग्राम या संगणकीय खेळात विमान बांधणारे बहुतेक खेळाडू सर्वाधिक वेळ पंखाच्या आकारावर खर्च करतात. माझे मत असे आहे की, मोड (इतरांनी बनवलेले फेरबदल) न घातलेल्या मूळ खेळात तो वेळ पंख कोणत्या कोनात बसवायचा यावर खर्च करावा.

2015 मधील 1.0 आवृत्तीने या खेळातील हवेचे गणित बरेच सुधारले. तरीही पंखाच्या प्रत्येक तुकड्याची लिफ्ट (वर उचलणारे बल) स्वतंत्रपणेच मोजली जाते. खऱ्या ग्लायडरचे पंख लांब आणि अरुंद ठेवतात, कारण त्यामुळे टोकांशी उठणाऱ्या भोवऱ्यांचा ड्रॅग (हवेचा मागे खेचणारा रोध) कमी होतो. मूळ खेळात हे भोवरे मोजलेच जात नसल्याने लांब पंखाला तो लाभ मिळत नाही. खेळातील पंखांचे दोन भाग पाहा: विंग कनेक्टर टाइप ए हा लहान तुकडा 0.2 टनांचा असून त्याचा लिफ्टचा अंक 2 आहे, तर बिग-एस डेल्टा विंग हा मोठा अखंड पंख 0.5 टनांचा असून त्याचा अंक 5 आहे. म्हणजे दर टनामागे दोन्ही सारखेच.

मग निवड कशावर करावी? लहान तुकडे जोडून हवा तो आकार मिळतो, पण सांधे वाढतात आणि जड विमानाचे पंख लवू लागतात. बिग-एस अखंड आहे, शिवाय त्यात 300 एकक द्रव इंधन मावते. त्यामुळे धडातील टाक्या कमी करता येतात, आणि पंख वस्तुमानकेंद्राजवळ असेल तर इंधन संपताना तोलही फारसा ढळत नाही. मोठ्या विमानासाठी मी हाच निवडतो. एकात एक घुसवलेले पंखही पूर्ण लिफ्ट देतात. नियमांत ते बसते, पण विमानाची रचना शिकायची असेल त्याने हा मार्ग टाळावा, असे मला मनापासून वाटते.

आता कोन. पंख धडाला समांतर असला, तर लिफ्टसाठी संपूर्ण विमानाचे नाक वर धरावे लागते आणि धड वाऱ्याला तिरके जाते. खेळातील एमके2 या रुंद, चपट्या धडाला तर याची फार मोठी किंमत मोजावी लागते. पंखाची पुढची कड तीन ते पाच अंशांनी उचलून बसवली, तर पंख कोनात राहतो आणि धड सरळ वाऱ्यात शिरते. फिरवण्याचे साधन निवडून शिफ्ट दाबून ठेवल्यास पाच अंशांची पायरी मिळते. पंख तुकड्यांचा असेल, तर धडाला चिकटलेला मूळ तुकडाच फिरवावा. त्याला जोडलेले सारे तुकडे त्याच्यासोबत वळतात.

यात एक धोका आहे. मुख्य पंख वस्तुमानकेंद्राच्या मागे असल्यास या जास्तीच्या लिफ्टने नाक खाली दबते, म्हणून पुढे कॅनार्ड (नाकाजवळचे छोटे पंख) असतील तर त्यांना मुख्य पंखाहून किंचित अधिक कोन द्यावा. नंतर उड्डाणात एफ12 दाबून बाण पाहावेत: सरळ उडत असताना धडावरचे, ड्रॅग दाखवणारे लाल बाण आखूड झाले असतील, तर कोन योग्य बसला आहे.