मागच्या गल्लीतली गाडी

श्रोतेहो, नमस्कार.

१ ऑगस्ट १९७१, रविवार. न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन खचाखच भरलेलं. बांगलादेशच्या निर्वासितांसाठी बीटल्सवाल्या जॉर्ज हॅरिसननं हा जलसा उभा केला होता आणि सुरुवात आपल्याकडच्या मंडळींनी करायची होती. सतारीला पंडित रविशंकर, सरोदला उस्ताद अली अकबर खाँ, तबल्याला उस्ताद अल्लारखाँ, तानपुऱ्यावर कमला चक्रवर्ती. बैठक जमली, वाद्यं लावून झाली, हात थांबले. आणि समोरून टाळ्यांचा कडकडाट! रविशंकर म्हणाले, वाद्यं लावणं तुम्हाला इतकं आवडलंय, तर वाजवणं याहून जास्त आवडेल अशी आशा आहे.

हा किस्सा तुम्ही कुठे ना कुठे ऐकलेला असणार. लोक तो सांगतात आणि त्या गोऱ्या श्रोत्यांना हसतात. मला दर वेळी दुसरंच काहीतरी सुचतं. वाद्यं लावली जात होती तेव्हा टेप चालू होती! अजून एक सूरही ‘कार्यक्रम’ म्हणून वाजला नव्हता, तरी कुणीतरी बटण दाबून बसलं होतं. तो माणूस सभागृहात नव्हता. रेकॉर्ड प्लँट नावाच्या स्टुडिओची सोळा ट्रॅकची, म्हणजे सोळा आवाज वेगवेगळे टिपणारी, फिरती गाडी आणली होती आणि ती गॅरी केलग्रेन सांभाळत होते. आज मला या गाडीबद्दल आणि तिच्या भावंडांबद्दल बोलायचंय.

आकाशवाणीची ओ. बी. व्हॅन, म्हणजे बाहेरचे कार्यक्रम टिपायला जाणारी गाडी, तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. साधारण त्याच जातीची ही गाडी, पण अंगापिंडानं दांडगी. बाहेरून पाहाल तर सामान वाहणारा ट्रक. आत पाऊल टाकलं की भिंतींना आवाज गिळणारं अस्तर, एका बाजूला आवाज कमी-जास्त करून त्यांचा मेळ घालायचा लांबलचक मिक्सर, समोर दोन स्पीकर, आणि मागे कपाटाएवढी दोन टेप मशीनं. गाडी उभी राहणार सभागृहाच्या मागच्या गल्लीत, कचऱ्याच्या डब्यांशेजारी. तिथून मनगटाएवढी जाड केबल खिडकीतून नाहीतर मागच्या दारातून थेट रंगमंचापर्यंत. तिथे एक पेटी असते. प्रत्येक माइकचा आवाज त्या पेटीत दुभागतो. एक वाट सभागृहातल्या कर्ण्यांकडे, दुसरी गाडीकडे. म्हणजे हॉलमधल्या साउंडवाल्यानं गिटार वाढवली काय, कमी केली काय, गाडीतल्या टेपला त्याचं सोयरसुतक नाही.

मशीनं दोन का, हा प्रश्न रास्त आहे. दोन इंच रुंदीच्या टेपचं एक रीळ अडीच हजार फुटांचं. सेकंदाला पंधरा इंच या वेगानं ते साधारण तेहतीस मिनिटांत संपतं. वेग दुप्पट ठेवला तर आवाज अधिक स्वच्छ येतो, पण सोळा-सतरा मिनिटांत खेळ खलास. गवयाला काही आपण म्हणू शकत नाही, की बुवा, थांबा, रीळ बदलतो. म्हणून पहिलं रीळ संपत आलं की दुसरं मशीन सुरू करायचं, थोडा वेळ दोन्ही चालू ठेवायची, आणि मग पहिल्यावर नवं रीळ चढवायचं. रात्रभर हेच.

यातली गंमत अशी, की गाडीतल्या माणसाला कार्यक्रम दिसत नाही. फार तर एक छोटा काळा-पांढरा टीव्ही, त्यात धुरकट रंगमंच. बाकी सगळं कानावर. मार्च १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट या सभागृहात ऑलमन ब्रदर्स या रॉक बँडचे कार्यक्रम टेप होत होते. गाडीत बसले होते टॉम डाउड. हे गृहस्थ तरुणपणी कोलंबिया विद्यापीठात अणुबाँबच्या प्रकल्पावर काम करत होते, नंतर ध्वनिमुद्रणात आले. कार्यक्रम रंगात आलेला. शेजारच्या तंत्रज्ञानं विचारलं, ‘या हॉर्नचं काय करायचं?’ हॉर्न म्हणजे सॅक्सोफोनसारखी फुंकवाद्यं. डाउडना वाटलं, चेष्टा करतोय. या बँडमध्ये हॉर्न कुठून येणार? पण खरोखरच स्टेजवर सॅक्सोफोनवाले चढले होते, आणि गाडीत कुणाला त्याचा पत्ता नव्हता. मध्यंतर होताच डाउड धावत आत गेले आणि बँडचा म्होरक्या ड्वेन ऑलमनला म्हणाले, हे हॉर्न काढ. कार्यक्रम संपला की सगळी वरात अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत जायची आणि पहाटेपर्यंत त्याच रात्रीच्या टेपा ऐकायची. कुठलं गाणं जमलं, कुठलं उद्या पुन्हा घ्यायचं, हे तिथे ठरे. त्यातून जो दोन तबकड्यांचा अल्बम निघाला, त्याची चौथी बाजू अख्खी एकाच गाण्यानं भरलीय, तेवीस मिनिटांच्या. वेगवान रिळावर ते मावलंच नसतं.

आता एका फजितीची गोष्ट. ‘द हू’ हा इंग्लिश बँड १९६९ मध्ये अमेरिकेत हिंडला आणि जागोजागचे कार्यक्रम टेप करून आणले. घरी आल्यावर बँडचा गिटारवाला पीट टाउनशेंड याच्यापुढे टेपांचा ढीग. एवढं सगळं ऐकून निवडायचं कुणी? त्यानं सरळ सांगितलं, जाळून टाका. आणि जाळल्या! (मला हे वाक्य उच्चारतानाही कसंसं होतं.) मग ठरलं, फक्त दोन कार्यक्रम टेप करू. १४ फेब्रुवारी १९७० ला लीड्स विद्यापीठाच्या जेवणघरात, दुसऱ्या दिवशी हल गावात. पाय कंपनीची आठ ट्रॅकची फिरती यंत्रणा बोलावली. हलचा कार्यक्रम जास्त चांगला झाला असं मंडळींचं मत. पण टेप लावून पाहतात तो बास गिटार गायब. जॉन एन्टविसलची बोटं तिकडे तारांवर नाचत होती आणि इकडे टेपवर त्याची वाट पोचलीच नव्हती. मग लीड्सची टेप घेतली. तीही निर्मळ नव्हती, केबलच्या दोषानं मधूनमधून चरचर येत होती. तबकडीच्या लेबलावर चक्क छापलं, की हे आवाज असेच आहेत, दुरुस्त करू नका. आज त्या अल्बमला लाइव्ह रॉकचा मानदंड म्हणतात. आणि कळस पुढेच आहे. चाळीस वर्षांनी हलच्या टेपा नीट ऐकल्या गेल्या, तेव्हा कळलं की बास पहिल्या काही गाण्यांपुरताच गेला होता. पुढे सगळा जागच्या जागी. त्या दिवशी कुणी टेप पुढे सरकवून पाहिलंच नाही! शेवटी आदल्या रात्रीचा लीड्सचा बास तिथे बसवून हलचा कार्यक्रम २०१० मध्ये बाजारात आला.

अशा वेळी हसावं की नाही कळत नाही, कारण मीही त्या नावेतून गेलोय. तरुणपणी एका गणेशोत्सवात बासरीच्या मैफिलीला मी टेप सांभाळायला बसलो होतो. आलाप सुरू झाला आणि हेडफोनमध्ये ठराविक अंतरानं ‘टक्... टक्...’. माइक बदलला, वायर बदलली, अर्थिंगसाठी मांडवामागे ओल्या मातीत सळई ठोकून आलो. टक् कायम. तबलजींनी मान वळवून माझ्याकडे असं पाहिलं, जणू ही दुसरी लय मीच धरलीय. शेवटी लक्ष कमानीकडे गेलं. मंडळानं रोषणाईची उघडझाप करणारी माळ आमच्याच लाइनीवर जोडली होती. दिवे मिटले की टक्. ती बंद करायला सांगितलं तर कार्यकर्ता म्हणतो, ‘दादा, स्पर्धा आहे, परीक्षक येणारेत.’ ती टेप माझ्याकडे अजून आहे. बासरी सुरेख आहे. टक् देखील आहे.

या गाड्यांमधली सगळ्यात नावाजलेली म्हणजे रोलिंग स्टोन्स या इंग्लिश बँडची. कल्पना इयन स्टुअर्टची. हा मूळचा त्यांचा पियानोवाला. व्यवस्थापकाला तो चेहऱ्यामोहऱ्यानं बँडमध्ये शोभेना, म्हणून त्याला फोटोतून काढलं, तर पठ्ठ्या सामानाची जबाबदारी घेऊन तिथेच राहिला. स्टुडिओच्या घड्याळाला आणि भाड्याला कंटाळलेल्या या मंडळींनी स्टुडिओच चाकांवर घेतला. स्वतःला नको असेल तेव्हा तो भाड्यानं द्यायचा, हा व्यवहारही चोख.

डिसेंबर १९७१ मध्ये डीप पर्पल हा बँड ती गाडी घेऊन स्वित्झर्लंडच्या माँत्र्योला गेले. तिथल्या कॅसिनोत त्यांना अल्बम करायचा होता. त्याआधी तिथे फ्रँक झॅपाचा कार्यक्रम झाला, प्रेक्षकांतल्या कुणीतरी फ्लेअर गन, म्हणजे इशाऱ्याचा जळता गोळा सोडणारं पिस्तूल, उडवली आणि कॅसिनो जळून खाक झाला. तळ्यावर पसरलेल्या धुराचं पुढे ‘स्मोक ऑन द वॉटर’ हे गाणं झालं, ते तुम्हाला ठाऊक असेल. मग दुसऱ्या एका थिएटरात बस्तान मांडलं, तर रात्री आवाजानं शेजारी जागे झाले. पोलीस दार ठोठावतायत, सामानवाली पोरं आतून दार दाबून धरतायत, आणि बँड टेप पुरी करतोय, असा प्रकार. शेवटी हिवाळ्यासाठी बंद असलेलं ग्रँड हॉटेल मिळालं. गाडी दाराशी, वादक आतल्या बोळात. वाजवलेलं ऐकायला गाडीपर्यंत जायचं तर खोल्या, गच्च्या, जिने ओलांडून जावं लागे. दोन-चारदा गेले आणि कंटाळले. म्हणाले, राहू दे, चांगलंच झालं असेल. त्या बेफिकिरीचा अल्बमला फायदाच झाला असं माझं मत आहे. स्वतःचं सारखं ऐकत बसणारा कलावंत हळूहळू भित्रा होतो.

हीच गाडी जुलै १९७५ मध्ये लंडनच्या लायसियम थिएटरबाहेर उभी होती. आत बॉब मार्ले. त्याचं ‘नो वुमन, नो क्राय’ हे गाणं आदल्या वर्षीच स्टुडिओत होऊन गेलेलं, पण जगभर जे वाजतं ते या दिवसांतलं, जिथे तो तोंड उघडण्याआधी सभागृहच गायला लागतं. प्रेक्षकांसाठी वेगळे माइक लावतात ते याचसाठी. काही अल्बममध्ये मात्र हा प्रेक्षक नंतर शिंपडलेला असतो. जॉनी कॅशच्या फोल्सम तुरुंगातल्या १९६८ च्या प्रसिद्ध टेपमध्ये खुनाच्या ओळीवर कैद्यांची जी आरोळी येते, ती मागाहून जोडलेली आहे. कैदी तिथे पहाऱ्यात बसले होते, अशा ओळीला ओरडायची त्यांची छाती नव्हती. गाणी नंतर स्टुडिओत पुन्हा गाऊन डकवण्याची प्रथा तर इतकी आहे की ‘लाइव्ह’ शब्द दिसला की मी आधी चिमूटभर मीठ हातात घेतो.

जोडता न येण्याची शिक्षा गायिका अरीथा फ्रँकलिनच्या वाट्याला आली. जानेवारी १९७२, लॉस एंजलिसमधलं एक बाप्टिस्ट चर्च, दोन रात्री. बाहेर वॉली हायडरची गाडी, आत चित्रपट दिग्दर्शक सिडनी पोलॅकचे कॅमेरे. गाडीनं आपलं काम केलं आणि त्याच वर्षी अल्बम आला, लाखांनी खपला. कॅमेरावाल्यांनी मात्र क्लॅप दिलाच नाही. ती लाकडी फळी आपटली की चित्रातला क्षण आणि आवाजातला क्षण जुळवता येतो. फळी नाही, तर तासन्‌तास चित्र एकीकडे, गाणं दुसरीकडे. ओठ हलताहेत, पण कुठल्या ओळीवर? चित्रपट लोकांपुढे यायला २०१८ उजाडलं. जुळवणी अखेर संगणकानंच करावी लागली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अरीथा गेली होती.

आज एका पिशवीत मावणाऱ्या यंत्रावर चौसष्ट ट्रॅक टेप होतात, म्हणजे टेपही नसते. स्टोन्सची गाडी कॅनडातल्या कॅलगरीच्या नॅशनल म्युझिक सेंटरमध्ये दुरुस्त करून ठेवलीय.

मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या त्या तीन तबकड्यांच्या संचात पहिल्याच बाजूला, बांगला धुन सुरू होण्याआधी, वाद्यं लावणं, टाळ्या आणि रविशंकरांचं ते वाक्य सगळं ठेवलेलं आहे. मिळाला तर आवाज थोडा मोठा करून ऐका. तानपुरा आधी ऐकू येतो.

नमस्कार.