रिकामी दिसणारी शिशी: ईजीएफ काय आहे आणि ते जपायचं कसं

(काचेची छोटी शिशी कॅमेऱ्यासमोर धरत)

नमस्कार. ही शिशी नीट पाहा. आत काही दिसतं? नाही ना. मागच्या आठवड्यात आमच्या दारव्हा तालुक्यातल्या एका पोरीचा फोन आला. अमरावतीला एमएस्सी करते, प्रोजेक्टचं सामान आलं होतं. आवाज रडवेला. "ताई, शिशी तं रिकामीच आली वो. आता सर मलेच बोलतीन." मी म्हटलं, बाई, फेकू नको, झाकणही उघडू नको. आत १०० मायक्रोग्रॅम प्रोटीन आहे.

१०० मायक्रोग्रॅम म्हणजे मिठाच्या एक-दोन कणांएवढं वजन. तेही वाळवून काचेला पातळ थरासारखं चिकटलेलं, मग दिसणार कसं?

यात आहे ईजीएफ, एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर. फक्त ५३ अमिनो आम्लांची साखळी. इतकीशी साखळी पेशीला सांगते, "आता विभाजन कर."

हे सापडलं कसं, ते मला फार आवडतं. अमेरिकन शास्त्रज्ञ स्टॅन्ली कोहेन यांनी उंदराच्या लाळग्रंथीचा अर्क नवजात पिल्लांना टोचला. साधारण १४व्या दिवशी उघडणारे डोळे ७व्या दिवशीच उघडले, दातही लवकर आले. दुसऱ्या कोणी "असं होतं कधीकधी" म्हणून सोडून दिलं असतं. त्यांनी त्या अर्कातलं नेमकं प्रोटीन शोधून १९६२ मध्ये प्रसिद्ध केलं. १९८६ चं नोबेल त्यांना आणि रीता लेवी-मोंताल्चिनी यांना मिळून मिळालं.

आता शिशीवर ईजीएफच्या आधी लिहिलेलं "रिकॉम्बिनंट ह्युमन" म्हणजे काय? आपल्या वावरातली पऱ्हाटी आठवा. बीटी कापसात मातीतल्या जिवाणूचा जीन टाकलाय, म्हणून कापूस स्वतःच बोंडअळीला मारणारं प्रोटीन बनवतो. इथे प्रवास उलटा आहे. माणसाचा जीन ई. कोलाय या जिवाणूत टाकतात आणि जिवाणू माणसाचं प्रोटीन बनवतो. इन्सुलिनही असंच बनतं, गावात कितीतरी जण रोज घेतात.

पण साखळी बनली म्हणजे काम झालं असं नाही. ईजीएफमध्ये सिस्टीन नावाची सहा अमिनो आम्लं असतात. त्यांच्या तीन जोड्या ठरलेल्या जागीच जुळाव्या लागतात. जोडी चुकली तर वजन तेच, अमिनो आम्लं तीच, पण पेशी ओळखत नाही. म्हणून विकत घेताना शुद्धतेसोबत "ॲक्टिव्हिटी" बघा, म्हणजे त्या मालानं पेशी खरंच वाढवून दाखवल्या का. एंडोटॉक्सिनचा आकडाही बघा. तो जिवाणूच्या भिंतीचा उरलेला अंश असतो आणि पेशींना त्रास देतो.

पेशीजवळ गेल्यावर ईजीएफ तिच्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रोटीनला, धरतं. असे दोन रिसेप्टर जोडीनं येतात, एकमेकांवर फॉस्फेट चढवतात आणि निरोप आत केंद्रकापर्यंत जातो. मग पेशी तो रिसेप्टर ईजीएफसकट आत ओढून घेते. म्हणजे ईजीएफ खर्च होतं. लॅबमध्ये पेशी ज्या पोषक द्रवात वाढवतात ते मीडियम आपण दोन-तीन दिवसांनी बदलतो, त्याचं हे एक कारण.

(टेबलाकडे वळत)

आता हात कामाला लावू. आधी शिशी सेंट्रीफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरवणाऱ्या यंत्रात, थोडा वेळ फिरवायची म्हणजे पावडर तळाशी बसते, मगच झाकण उघडायचं. मी पहिल्यांदा तशीच उघडली होती. पावडर झाकणाला होती, ती गेली. महिनाभराचं काम थांबलं. आजही आठवलं की जीव हळहळतो.

सोबतच्या कागदावर लिहिलंय त्याच द्रवात विरघळवा. १ मिली टाका, हळूच फिरवा, व्हॉर्टेक्सवर, म्हणजे नळी हलवणाऱ्या यंत्रावर, जोरात हलवू नका. पुढचं द्रावण पातळ करायचं असेल तर त्यात ०.१ टक्का अल्ब्युमिन हे दुसरं प्रोटीन हवं, नाहीतर एवढंसं प्रोटीन प्लास्टिकच्या भिंतीलाच चिकटून बसतं.

हिशोब तोंडपाठ करा. पेशींना साधारण मिलीमागे १० नॅनोग्रॅम लागतं. तुमचं द्रावण मिलीमागे १०० मायक्रोग्रॅमचं. म्हणजे १०० मिली मीडियमला १० मायक्रोलिटर पुरे. ज्या शिशीपायी ती पोरगी रडत होती, तिच्यात १० लिटर मीडियमचं ईजीएफ होतं!

मग २०-२० मायक्रोलिटरच्या नळ्या भरा आणि उणे २० किंवा उणे ८० ला ठेवा. एक नळी एकदाच वितळवायची, परत गोठवायची नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर आणि त्यात लाईट जाते. म्हणून नळ्या थर्माकोलच्या डब्यात, गोठवलेल्या जेल पॅकच्या मधोमध ठेवा. आपोआप बर्फ वितळवणारा घरगुती फ्रीज वापरूच नका, त्यातलं तापमान सारखं खालीवर होतं.

आणखी एक, हे हात जोडून सांगते. शिशीवर "फक्त संशोधनासाठी" लिहिलेलं असतं. शुगरच्या जखमेसाठी ईजीएफचं जेल असतं हे खरं, पण ते औषध वेगळं, डॉक्टरनं द्यायचं. लॅबमधलं हे घरी नेऊन कोणाच्या पायाला लावायचं नाही, आजीच्या सुद्धा नाही.

त्या पोरीनं काल फोटो धाडला. पन्नास नळ्या, प्रत्येकीवर तारीख आणि तीव्रता. एका नळीवरची शाई पुसट दिसत होती. मी तिला म्हटलं, ती आजच परत लिही, गोठल्यावर वाचता येणार नाही.