पडद्यावर काय न्यावे, कागदावर काय ठेवावे

मंडळी, डिजिटल वाचन छापील पुस्तकाला संपवणार का, असे सगळीकडे विचारतात. रत्नागिरीसारख्या गावात, जिथे १८२८ पासून नगर वाचनालय आहे, त्याचे उत्तर कपाट उघडून शोधावे लागते. इथे मोबाईलच्या कितीतरी आधी दमट हवाच पुस्तक संपवते.

हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की कागदावर बुरशी धरते. आपल्याकडे आषाढ-श्रावणात ती दिवसचे दिवस ८०च्या वर असते. लोखंडी कपाट भिंतीला टेकवून, गच्च भरून बंद ठेवले की आत हवा खेळत नाही. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढा, रांगेत बोट शिरेल इतकी जागा सोडा. बुरशी लागलेले पुस्तक त्याच खोलीत झटकू नका, बुरशीचे कण शेजारच्या पुस्तकांवर बसतात.

एवढे जपूनही जुनी नियतकालिके हातची जाणार आहेत. त्यातली बरीचशी लाकडाच्या लगद्याच्या, आम्लधर्मी कागदावर छापलेली आहेत. पानाचा कोपरा दुमडला की तुटतो. या अंकांची जागा डिजिटल प्रतीने घ्यायलाच हवी, आणि लवकर.

पण स्कॅनिंग म्हणजे फोनवर फोटो काढणे नव्हे. काम दिवाळी ते शिमगा या कोरड्या दिवसांत करा, तेव्हा पाने सुटी राहतात. रिझोल्यूशन ४०० डीपीआय (दर इंचाला ४०० ठिपके) ठेवा आणि करड्या छटांत स्कॅन करा. निव्वळ काळ्या-पांढऱ्यात केले तर छपाईच्या झिजलेल्या खिळ्यांचा अनुस्वार आणि रफार उडतो. मग संगणक अक्षरे ओळखताना ‘मांडी’ची ‘माडी’ करतो, ‘घ’चा ‘ध’ आणि ‘भ’चा ‘म’ करतो. हा मजकूर कोणीतरी मूळ पानाशी ताडून पाहिलाच पाहिजे. नाहीतर शोधलेला शब्द सापडत नाही आणि वाचकाला वाटते, अंकात तो नाहीच. मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरसंकेतातच साठवा. जुन्या फॉन्टात टंकलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निव्वळ चिन्हांचा गोंधळ दिसतो.

साडेपाच बाय साडेआठ इंचांचे एक पान असे स्कॅन केले, की न दाबलेली (कॉम्प्रेस न केलेली) फाईल साडेसात एमबीची होते. ३०० पानांचे पुस्तक म्हणजे सव्वादोन जीबी. एक टीबीच्या (हजार जीबीच्या) डिस्कवर ४०० पुस्तके मावतात, तेव्हा जागेची सबब चालणार नाही. लोकांसाठी खुले करण्याआधी मात्र कॉपीराइट पाहा: लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाला, निधनाचे वर्ष संपल्यानंतर ६० वर्षे संरक्षण असते.

आता उलट बाजू. २०१८ साली ५४ अभ्यासांचे, पावणेदोन लाखांच्या आसपास वाचकांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. माहितीपर मजकूर कागदावर अधिक चांगला समजतो, वेळेचे बंधन असेल तर फरक आणखी वाढतो. कथात्म मजकुरात तसा फरक दिसला नाही. आपण वाचनालयवाले नेमके उलटे वागतो. कादंबऱ्या छापील घेतो आणि अभ्यासिकेतल्या स्पर्धा परीक्षेच्या मुलांना पीडीएफ पाठवून मोकळे होतो. खरेदीचा पहिला पैसा त्या मुलांच्या छापील संदर्भग्रंथांवर खर्च झाला पाहिजे. ई-पुस्तक विकत घेताना बऱ्याचदा आपण वाचण्याचा परवानाच घेतो: मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा ग्राहकांना पैसे परत मिळाले, पुस्तके गेली.

स्वतः केलेल्या स्कॅनलाही धोका आहेच. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर किनाऱ्यावरच्या कित्येक गावांत बरेच दिवस वीज नव्हती. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेले. म्हणून तीन प्रती ठेवा: एक वाचनालयात, एक दुसऱ्या इमारतीत वरच्या मजल्यावर आणि एक घाटावर. दर दसऱ्याला तिन्ही डिस्क जोडून फाईली उघडून बघा, आणि न उघडणारी फाईल त्याच दिवशी दुसऱ्या प्रतीवरून भरा.